कुन्नूरला राहायला जायचंय? आधी तिथला एक नोव्हेंबर काढा

आधी गावाचं नाव नीट वाचा. कुन्नूर वेगळं, कन्नूर वेगळं. कुन्नूर तमिळनाडूत, निलगिरीच्या डोंगरात. कन्नूर केरळात, समुद्राला लागून. आमचे व्याही पहिल्यांदा भेटायला निघाले तेव्हा त्यांनी खुशाल कन्नूरची तिकिटं काढली होती. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर 'तुमच्याकडे नारळ स्वस्त असतील ना' म्हणाले, तेव्हा उलगडा झाला. रेल्वेच्या कोडमध्ये कुन्नूर म्हणजे 'ओएनआर' आणि कन्नूर म्हणजे 'सीएएन'. नाव ऐकू नका, कोड बघा.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. मी बँकेत होते, नवरा सार्वजनिक बांधकाम खात्यात. निवृत्तीनंतर कुन्नूरला येऊन आता चौथं वर्ष चालू आहे. ऊटीची गर्दी नको, पण थंडी, चहाचे मळे आणि फिरायला उताराचे रस्ते हवेत, अशा माणसाला हे गाव बरोबर सापडतं. उंची साधारण १,८५० मीटर, ऊटीपेक्षा जवळजवळ ४०० मीटरने कमी, म्हणून थंडी सोसवते. शेजारी वेलिंग्टनची लष्करी छावणी असल्यामुळे निवृत्त फौजी मंडळींची इथे जुनी वस्ती आहे. फील्ड मार्शल माणेकशा निवृत्तीनंतर इथेच राहिले आणि २००८ साली वेलिंग्टनच्या लष्करी रुग्णालयातच गेले.

पण हौसेने येऊन वर्षाच्या आत सामान बांधणारीही चार घरं मी पाहिली. चौघांपैकी तिघांनी घर मे महिन्यात बघितलं होतं.

१. मे महिन्यातलं कुन्नूर मोजू नका

साताऱ्याच्या माणसाला पावसाचं काय कौतुक? शेजारी महाबळेश्वर. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण आपला पाऊस दसऱ्यापर्यंत निरोप घेतो आणि दिवाळीला आकाश निवळतं. कुन्नूरचं गणित उलटं आहे. हे गाव निलगिरीच्या पूर्व उतारावर असल्यामुळे नैऋत्य मोसमी पावसाचा मारा पश्चिमेकडच्या गुडलूर, अवलांची भागात होतो. इथे जून-जुलैत ढग आणि भुरभुरच जास्त. खरा पाऊस ईशान्य मोसमी, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे अंगणात किल्ले उभे राहतात तेव्हा इथे रस्त्यावर दरडी येत असतात.

नोव्हेंबर २००९ मध्ये शेजारच्या केत्तीत एका दिवसात ८२ सेंटीमीटर पाऊस पडला होता. दरडी कोसळून निलगिरी जिल्ह्यात चाळीसहून अधिक माणसं गेली. असं दरवर्षी होत नाही. मात्र घाटरस्ता काही तास बंद राहणं, मेट्टुपाळयमहून येणारी डोंगरी रेल्वे काही दिवस रद्द होणं, झाड पडून वीज जाणं हे जवळपास दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला ठरलेलं. मे महिन्यात ज्या बाल्कनीतून दरी दिसली म्हणून तुम्ही घर पसंत केलं, त्याच बाल्कनीतून नोव्हेंबरात पाच-पाच दिवस फक्त पांढरं दिसतं. नवऱ्याला ते आवडतं. मला दुसऱ्या आठवड्यात रडू आलं होतं, हेही सांगून ठेवते.

म्हणून घर विकून यायचं नाही. आधी भाड्याने राहायचं आणि त्या मुक्कामात ऑक्टोबर ते डिसेंबर आलेच पाहिजेत.

२. भाड्याचं घर: गाव कुठे, भिंत कशी

कुन्नूरचे दोन भाग धरा. खालचं कुन्नूर म्हणजे बस स्टँड, रेल्वे स्टेशन, बाजार, माणसांची गजबज. वरचं कुन्नूर म्हणजे बेडफर्ड, सिम्स पार्कची बाजू, जुने बंगले, शांतता. सगळ्यांना वरचं हवं असतं. पण गाडी चालवणं थांबवायचा विचार असेल तर खाली किंवा मधल्या टप्प्यावर बघा, कारण दुधाची पिशवी आणायलाही वरून खाली उतरावं लागतं आणि उतरलेलं परत चढावं लागतं. वेलिंग्टनच्या आसपास हिंदी चालते, रस्ते स्वच्छ असतात. केत्ती आणि कोटगिरी आणखी शांत आहेत, पण रात्री काही दुखलं-खुपलं तर तुमची तुम्हीच.

घर बघताना दृश्य शेवटी बघा. आधी हे बघा:

घरामागे डोंगर कापलेला आहे का? असेल तर संरक्षक भिंत कशी आहे? भिंतीत पाणी निघायची भोकं असली पाहिजेत आणि ती बुजलेली नसावीत. नवऱ्याची जन्मभराची नोकरी यातच गेली, त्यामुळे तो घरात शिरायच्या आधी मागच्या भिंतीपाशी जातो. एका सुंदर घराची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली होती. घरमालक शेकोटीचं कौतुक सांगत होता आणि हा भिंतीला हात लावून उभा. ते घर आम्ही सोडलं.

रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? मोजा. खरंच मोजा. चाळीस पायऱ्या साठाव्या वर्षी व्यायाम असतात, सत्तराव्या वर्षी त्यामुळे घराबाहेर पडणं बंद होतं. गुडघ्यांची तक्रार आधीच असेल तर रस्त्याला लागून असलेलंच घर घ्या. स्ट्रेचर खाली कसं नेणार, हा प्रश्न अभद्र वाटतो, पण तो विचाराच.

उन्हाची दिशा कोणती? पूर्वेचं किंवा दक्षिणेचं ऊन घरात आलं पाहिजे. उत्तर उताराच्या सावलीतलं घर वर्षभर ओलं राहतं. कपाटं उघडून वास घ्या. नवा रंग दिला असेल तर जास्तच वास घ्या.

पाणी किती दिवसांनी येतं? या गावात पाऊस भरपूर आणि उन्हाळ्यात नळाला मात्र रोज पाणी नाही, हे ऐकून आम्ही हसलो होतो. जमिनीखालची टाकी किती लिटरची आणि टँकर दारापर्यंत येतो का, हे विचारून घ्या.

करारनामा तोंडी नको. तमिळनाडूचा भाडेकरूंविषयीचा २०१७ चा कायदा २०१९ पासून लागू आहे. त्यात करार लेखी करून भाडे प्राधिकाऱ्याकडे नोंदवायचा असतो आणि राहत्या घराची अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. प्रत्यक्षात दहा महिन्यांची अनामत मागणारे भेटतातच. आमच्याकडेही मागितली होती. कायद्याचं नाव शांतपणे घेतल्यावर आकडा खाली आला. आणि नोंदलेला करार तुम्हाला पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून लागणारच आहे.

३. यायचं कसं, गाडी आणायची कशी

रेल्वेने: लोकमान्य टिळक टर्मिनसहून पुण्यामार्गे कोइंबतूरला रोज गाडी आहे. कोइंबतूरहून मेट्टुपाळयम आणि तिथून घाट चढून कुन्नूर, मिळून सत्तरेक किलोमीटर. सामान असेल तर डोंगरी रेल्वेचा हट्ट सोडा, टॅक्सी करा. त्या गाडीत मोठ्या बॅगांना जागा नसते आणि आरक्षणही फार आधी संपतं.

स्वतःच्या गाडीने: म्हैसूर, गुंडलुपेट, बंडीपूर हा रस्ता. बंडीपूरचा जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. त्यामुळे म्हैसूरला मुक्काम करा आणि सकाळी निघा. पुढे मसिनगुडीवरून कल्हट्टीचा ३६ वळणांचा घाट जवळचा दिसतो. भरलेल्या गाडीने त्या वाटेला जाऊ नका, गुडलूरवरून या.

ई-पास: ७ मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने निलगिरीत येणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. पास ऑनलाइन निघतो. 'टीएन ४३' ही निलगिरीची पासिंग असलेल्या स्थानिक गाड्यांना तो लागत नाही आणि सरकारी बसने आलात तर प्रश्नच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोजच्या गाड्यांच्या संख्येवर मर्यादा घालतात, म्हणून मुलं-नातवंडं मे महिन्यात येणार असतील तर त्यांना पास आधी काढायला सांगा.

नाक्यावर पासबरोबर प्लास्टिकही तपासतात. पाण्याच्या छोट्या बाटल्या, पिशव्या, प्लास्टिकचे कप या जिल्ह्यात चालत नाहीत, दंड होतो. स्टीलची बाटली ठेवा.

एमएच नंबरची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिची नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी तुमच्या मूळ आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो. इथेच बहुतेक जण फसतात. दाखला न घेता गाडी आणतात आणि मग सहीसाठी पुन्हा बाराशे किलोमीटर मागे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला त्याच्याही आधी. इथे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी चिकाटी हवी. आमची गाडी अकरा वर्षांची होती. आम्ही ती साताऱ्यातच विकली आणि इथली जुनी घेतली. मला विचाराल तर तेच करा.

४. कागदपत्रांची पिशवी

ही सगळी मूळ प्रत आणि दोन-दोन झेरॉक्स, हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या:

– आधार, पॅन, मतदार ओळखपत्र
– पेन्शन मंजुरीचा आदेश, म्हणजे पीपीओ, आणि पेन्शनचं पासबुक
– आरोग्य विम्याची पॉलिसी, जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी (औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, नुसतं कंपनीचं नको)
– गॅस जोडणीचं कार्ड आणि बदलीचा कागद
– गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, फॉर्म २८
– नोंदवलेला भाडेकरार
– पासपोर्ट आकाराचे वीसेक फोटो. डोंगरात फोटो स्टुडिओ शोधत फिरायला नको

क्रमही महत्त्वाचा. आधी भाडेकरार, त्यावर आधारचा पत्ता बदला, मग आधारवर बाकी सगळं: गॅस, बँक, मतदार यादी (फॉर्म ८). आम्ही उलट केलं, आधी गॅसच्या मागे लागलो आणि तीन आठवडे इंडक्शनवर काढले.

पेन्शनसाठी बँकेची शाखा बदलायची गरज नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाइलवरून चेहरा दाखवून देता येतो, जीवन प्रमाणच्या अॅपमधून. ८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. फक्त दाखला देऊन थांबू नका, तो स्वीकारला गेल्याचं बघा. आणि वाट बघू नका महिनाअखेरची. नोव्हेंबरात वीज आणि नेटवर्क दोन्ही कधी जाईल सांगता येत नाही.

५. दवाखाना

कुन्नूरमध्ये सरकारी लॉली रुग्णालय आहे, शिवाय लहान खासगी दवाखाने. ऊटीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय झालं आहे. माजी सैनिकांना वेलिंग्टनच्या लष्करी रुग्णालयाचा आधार असतो. ताप, रक्तदाब, साखर, पडझड इथे भागते.

हृदयाचा झटका, मेंदूतला रक्तस्राव, मोठं ऑपरेशन म्हणजे कोइंबतूर. कोइंबतूरची रुग्णालयं उत्तम आहेत, पण मध्ये घाट आहे. एरवी दोन-अडीच तास, सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त, आणि दरड आली असेल तर कोटगिरीवरून वळसा. ज्यांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली आहे किंवा ज्यांना डायलिसिस लागतं त्यांनी माझ्या मते इथे कायमचं राहू नये. वर्षातले तीन महिने या, जानेवारी ते मार्च, आणि परत जा. दम्याच्या आणि फुप्फुसाच्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना उंची आणि ओल या दोन्हींबद्दल विचारावं. लोक उंचीचं विचारतात, ओलीचं विचारत नाहीत, आणि इथे त्रास होतो तो ओलीचाच.

आल्याबरोबर करायचं ते असं. जवळच्या डॉक्टरला एकदा नुसतं भेटून या, फाइल उघडा. रात्री घाट उतरणाऱ्या दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर भिंतीवर लावा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. आणि घराचा पत्ता तमिळमध्ये, खुणांसकट, कुणाकडून तरी मोठ्या अक्षरात लिहून घ्या. घाबरलेल्या माणसाला 'चर्चच्या मागची तिसरी वळणावरची पायवाट' इंग्रजीत सांगता येत नाही.

एक धोका हसण्यावारी नेऊ नका: बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. विषारी वायूने माणूस झोपेतच जातो. थंडी फार असेल तर इलेक्ट्रिक हीटर लावा, नाहीतर गरम पाण्याची पिशवी घ्या.

६. रोजचं जगणं

या उंचीवर पाणी १०० नव्हे, साधारण ९४ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजवायला गेलात तर शिजता शिजत नाही. कुकर लागतोच, आणि दोन शिट्ट्या जास्त. पहिल्या आठवड्यात मी दुकानदारालाच जुनी डाळ दिली म्हणून बोलून आले. नंतर जाऊन माफी मागितली.

बाजारात गाजर, बीट, कोबी, बटाटा शेतातून थेट येतात. शेतकरी बाजाराला इथे 'उळवर संदै' म्हणतात, सकाळी लवकर जा. भाकरीसाठी ज्वारी हवी असेल तर नुसतं 'चोळम' म्हणू नका, मका हातात पडेल. 'वेळ्ळै चोळम' म्हणजे पांढरी ज्वारी. बाजरीला 'कम्बु'. पोह्यांना 'अवल'. गोडा मसाला आणि कोकम घरूनच आणा.

चहाबद्दल दोन शब्द. इथे आल्या-आल्या सगळे जण कारखान्यातून महागाची लांब पानं घेतात आणि घरी आलं-दूध घालून उकळतात. पाचोळ्याचा काढा होतो. आपल्या चहाला सीटीसीची बारीक पूडच हवी. लांब पानांचा चहा बिनदुधाचा, न उकळता, झाकून ठेवायचा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खुडलेल्या पानांचा तर नक्कीच.

वीजबिल दोन महिन्यांनी येतं आणि घरगुती जोडणीला पहिली १०० युनिट मोफत असतात. इन्व्हर्टर घ्या.

ओल हा रोजचा शत्रू. माझ्या पैठणीवर पहिल्याच डिसेंबरात पांढरे ठिपके आले. तेव्हापासून रेशमी साड्या मुलीकडे पुण्यात असतात. चामड्याचे बूट, कॅमेरा, पुस्तकं यांनाही बुरशी धरते. ऊन पडलं की सगळी कामं बाजूला ठेवून कपाटं उघडायची, हा इथला नियम. ओल शोषणारं यंत्र मिळतं, ते टीव्हीच्या आधी घ्या.

भाषा शिका. इंग्रजीवर भागतं, पण नुसतं भागतंच. गावात तमिळ चालते, आसपासच्या खेड्यांत बडगा समाजाची स्वतःची बोली आहे. सुरुवात आपल्यासाठी सोपी: मोठ्या भावाला 'अण्णा', मोठ्या बहिणीला 'अक्का', दोन्ही आपलेच. 'एव्वळवु' म्हणजे किती, 'तण्णि' म्हणजे पाणी, आणि सगळ्यात उपयोगाचा शब्द 'पोदुम', म्हणजे पुरे. तो वेळेवर म्हटला नाही तर पानात भात पडत राहतो.

७. दारातले पाहुणे

कोल्हापूरकडच्या लोकांना गवा माहीत आहे. इथे तो राधानगरीच्या जंगलात नाही, तुमच्या फाटकाशी उभा असतो. चहाच्या मळ्यातून, बंगल्यांच्या बागांतून कळप फिरतात. गवा शांत दिसतो म्हणून मोबाइल काढून जवळ जाऊ नका, कुत्रा मोकळा सोडू नका, थांबा आणि त्याला जाऊ द्या. मी एकदा भाजीची पिशवी घेऊन पाऊण तास एका दुकानात बसून होते. दुकानदाराने चहा दिला.

अस्वलं रात्री येतात, अन्नाच्या आणि तेलाच्या वासाने. देवळातलं दिव्याचं तेलही ती सोडत नाहीत. ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नका. पहाटेचा अंधारातला फेरफटका, जो साताऱ्यात आम्ही वीस वर्षं केला, तो इथे बंद. उजाडल्यावर निघा, संध्याकाळी दिवेलागणीला घरात या. बिबट्याही असतो. तो तुम्हाला दिसत नाही, कुत्र्याला दिसतो.

८. बघायचं काय, आणि कधी

पर्यटक एका दिवसात सात ठिकाणं करतात. तुम्ही एक ठिकाण सात वेळा करा.

सिम्स पार्क १८७४ पासूनची बाग आहे. मे महिन्यात इथे फळांचं प्रदर्शन भरतं तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीतल्या आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा आणि रुद्राक्षाचं झाड शोधा.

लॅम्ब्स रॉक आणि डॉल्फिन्स नोज एकाच रस्त्यावर आहेत. डॉल्फिन्स नोजवरून दरीपलीकडे कॅथरीन धबधबा दिसतो, पण दहानंतर ढग वर चढतात. सकाळी लवकर पोचलात तरच दिसेल. रविवारी जाऊच नका. धडधाकट असाल तर द्रुग किल्ल्याची चाल करा. टिपूच्या काळातलं ठाणं, आता फारसं बांधकाम उरलेलं नाही. आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्या माणसाला किल्ला म्हणून निराशा होईल, वाट मात्र चहाच्या मळ्यातून जाते.

डोंगरी रेल्वे: मेट्टुपाळयम ते कुन्नूर मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला, पुढे १९०८ मध्ये ऊटीपर्यंत गेला आणि २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. कल्लार ते कुन्नूर या चढावर रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे, इंजिन तिच्यात दात अडकवून डबे मागून ढकलतं. हा भाग बघण्यासारखा, पण त्याची जागा महिनोन्‌महिने आधी भरते. कुन्नूरला राहणाऱ्यांची सोय अशी की कुन्नूर ते ऊटी दिवसातून अनेक गाड्या असतात. आम्ही मंगळवार-बुधवारी वेलिंग्टन, केत्ती करत ऊटीला जातो, वनस्पती उद्यानात डबा खातो आणि परत येतो.

पाश्चर संस्था १९०७ सालची. कुत्रा चावल्यावरच्या लशीच्या इतिहासात तिचं नाव मोठं आहे. आत सहसा जाता येत नाही, इमारत मात्र सिम्स पार्कसमोरूनच दिसते.

आणि बर्लियार. घाटात अर्ध्यावर फळांची दुकानं लागतात. हंगामात मँगोस्टीन मिळतं. मुलांना न्यायला-सोडायला खाली उतराल तेव्हा थांबा.

९. विकत घ्यायचंच असेल तर

एक नोव्हेंबर काढलात, तरीही राहावंसं वाटतंय? मग वाचा.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, तमिळनाडूत ती अट नाही. आपली माणसं इथेच भुलतात. शेतजमीन विकत घेता येणं आणि तिच्यावर घर बांधता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निलगिरीत बांधकामावर डोंगरी क्षेत्राचे नियम लागतात, त्यासाठीचं प्राधिकरण १९९० पासून आहे, लोक त्याला 'हाका' म्हणतात. उतार, उंची, झाडतोड, यंत्राने खोदाई, सगळ्यावर बंधनं आहेत. 'आधी घ्या, परवानगी मी काढून देतो' असं म्हणणाऱ्या दलालाबरोबर चहासुद्धा पिऊ नका.

जमीन फार स्वस्त मिळत असेल तर कारण शोधा. गुडलूर, पंदलूरकडे जन्मम, म्हणजे जुन्या जमीनदारी हक्काच्या, जमिनींचे वाद १९६९ च्या कायद्यापासून चालत आलेले आहेत. मसिनगुडीच्या बाजूला हत्तींचा मार्ग आहे, आणि तिथली रिसॉर्टं हटवण्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला. या दोन्हीकडे नवख्याने जाऊ नये.

कागद असे बघा. 'पट्टा' म्हणजे आपला सातबारा म्हणा. तो विकणाऱ्याच्याच नावावर हवा, वारलेल्या वडिलांच्या नाही. बोजा दाखल्याला इथे सगळे 'ईसी' म्हणतात, तो किमान ३० वर्षांचा काढा, ऑनलाइन मिळतो. मूळ खरेदीखतांची साखळी, मोजणीचा नकाशा, आणि बांधलेलं घर असेल तर मंजूर नकाशा. मंजूर नकाशात एक मजला आणि जागेवर दोन, असं आम्ही दोनदा पाहिलं. सगळे कागद तमिळमध्ये असतात, म्हणून वकील आपला निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको; आणि वकिलाकडून प्रत्येक कागदाचा सारांश इंग्रजीत लिहून घ्या. खर्चात मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणी फी २ टक्के धरूनच भाव करा.

आम्ही अजून भाड्यानेच राहतो. दोन घरं पसंत आहेत. नवरा दोन्हीकडे ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा जातो, पाऊस पडून गेल्यावर, आणि मागच्या भिंतीतल्या भोकांतून पाणी स्वच्छ येतंय की गढूळ, ते वहीत लिहून ठेवतो. गढूळ म्हणजे मागची माती वाहतेय. एका घराच्या पानावर तीन वेळा 'गढूळ' लिहिलं गेलंय, आणि नेमकं त्याच घराच्या बाल्कनीतून दरी दिसते.